दोन इंची नळी आणि पेटीवरचा आकडा

मी, वेंडेल स्कॅग्ज, वय वर्षे सत्त्याहत्तर, पूर्वीचा धंदा बंदुकांची दुरुस्ती आणि काडतुसांची विक्री, सध्या दुकान बंद करून घरीच, राहणार सीडर फोर्क, मिसुरी, हा कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं जागेवर आहे. सकाळी रक्तदाब मोजला, तोही ठीक निघाला. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. उलट जिला मी सगळं देऊन टाकणार होतो तिने ते घ्यायला साफ नकार दिला, म्हणून हे मृत्युपत्र नव्याने करावं लागत आहे.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलेलो नाही. दोन महिन्यांपूर्वी हेच लिहायला बसलो असतो तर ओळी वाकड्या आल्या असत्या, पण आज अक्षर कसं सरळ येतंय ते वाचणाऱ्याने पाहावं.

कलम १. सन १९९४ मध्ये केलेलं माझं आधीचं मृत्युपत्र मी रद्द करत आहे. त्यात मी माझं होतं नव्हतं ते सगळं श्रीमती इमोजीन टॅकेट यांच्या नावे केलं होतं. कारण लिहिलं नव्हतं. माझ्या बहिणीने तेव्हा विचारलंही, "तुझं नि तिचं काय आहे रे?" मी म्हणालो, "काही नाही." ते खोटं होतं, पण बहिणीला जे वाटलं तेही खरं नव्हतं. खरं काय ते पाचव्या कलमात लिहिलं आहे. बहीण आता हयात नाही. तिला ऐकायला आवडलं असतं.

कलम २. राहतं घर, मागची चार एकर जमीन आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते माझी भाची कॅरलीन हिला मिळावं. तिने माझी औषधं डब्यांत वारानुसार लावून दिली आहेत आणि मला एकदाही 'मामा, तू हट्टी आहेस' याखेरीज काही लागट बोललेली नाही. एकच सूचना. ओढ्याकडे जो मातीचा उंच बांध आहे, तिथे मी चाळीस वर्षं गोळ्या झाडल्या. त्या मातीत शिसं आहे. कॅरलीन, तिथे भाजी लावायची नाही. टोमॅटो कितीही छान येतील असं वाटलं तरी नाही. आधी माती चाळून शिसं काढणाऱ्या माणसांना बोलाव.

छपराला वर्षातून एकदा डांबर लागतं. मागचं दार उचलून ढकलावं लागतं.

कलम ३. कामाच्या खोलीतलं लेथ, कानशी, स्क्रू काढायच्या हत्यारांचा लाकडी संच आणि काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र जिल्ह्याच्या धंदेशिक्षण शाळेने न्यावं. हत्यारं वापरली नाहीत तर गंजतील, म्हणून ती काचेच्या कपाटात ठेवू नयेत.

डॉइल प्रुइट या माझ्या मित्राला दोन फुटकी वेगमापक यंत्रं द्यावीत. हे यंत्र म्हणजे जमिनीवर ठेवायची एक पेटी. गोळी तिच्यावरून गेली की तिचा वेग सेकंदाला किती फूट ते दिसतं. गोळी यंत्राच्या वरून जायला हवी. डॉइलने एकदा १९९६ मध्ये आणि एकदा २००९ मध्ये ती यंत्राच्या आरपार घातली. दोन्ही वेळा म्हणाला, "वाऱ्याने झालं." त्याने ती दोन्ही प्रेतं दिवाणखान्यात मांडावीत आणि पाहुण्यांना खरं कारण सांगावं. डॉइल, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. पण वारा नव्हता.

कलम ४. माझ्या एकतीस वह्या आर्डिथ पो हिला द्याव्यात. ती दर शनिवारी बायकांना नेमबाजी शिकवते आणि प्रश्न विचारताना लाजत नाही. या वह्यांत खिशात किंवा पर्समध्ये बाळगायच्या आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून कुठली गोळी खरोखर किती वेगाने निघते, ते तारीख, थंडीवारा आणि कापडाचे थर यांसकट लिहिलेलं आहे. त्याचं सार असं.

पेटीवर छापलेला आकडा बहुधा लांब नळीतून काढलेला असतो. दारूला जळायला जागा लागते. दोन इंची नळीत ती जागा मिळत नाही, म्हणून उरलेली दारू तोंडाबाहेर भडकते. आवाज आणि उजेड मोठा होतो, हाताला झटका बसतो, गोळी मात्र पेटीवरच्या आकड्यापेक्षा दोन-अडीचशे फुटांनी मागे पडते. वेग नसेल तर पोकळ नाकाची गोळी फुलत नाही, म्हणजे लागल्यावर पसरत नाही. जाड कोटातून गेली तर त्या पोकळीत कापूस ठासून बसतो आणि तिचं काम एखाद्या साध्या गोळीसारखंच होतं. याउलट, मुळातच मंद असलेली, चपट्या नाकाची, जड गोळी आखूड नळीत फारसं काही गमावत नाही. ती सरळ आत जाते आणि तिचा झटका सोसतो, म्हणून दुसरी गोळीही नेमावर मारता येते. आर्डिथ, शेवटचं वाक्य दोनदा वाच. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आकडा वेगाचा नसतो. पाचपैकी किती गोळ्या लागल्या, हा असतो.

हे शिकायला मला सदतीस वर्षं लागली. का लागली ते आता.

कलम ५. सन १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये इमोजीन टॅकेट माझ्या दुकानात आली. तळ्याच्या रस्त्यावर तिचं गळाच्या आमिषाचं दुकान आहे. गांडुळं, जिवंत छोटे मासे, गरम कॉफी. तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. नवऱ्याला, अर्लला, तिने सोडलं होतं. कोर्टाने त्याला तिच्यापासून लांब राहायला सांगितलं होतं आणि तो राहत नव्हता.

"वेंडेल, माझ्या हाताला पेलेल असं काहीतरी दे," ती म्हणाली.

मी तिला पाच गोळ्यांचं, दोन इंची नळीचं रिव्हॉल्व्हर दिलं.

"यात घालू काय? बाबांची जुनी काडतुसं आहेत घरी."

"ती तळ्यात टाक," मी म्हणालो. "ती गोल नाकाची, घोडागाडीच्या चालीची. ही बघ. हलकी, पोकळ नाकाची. सेकंदाला अकराशे पंच्याहत्तर फूट. पेटीवर छापलंय."

"तू म्हणतोस म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली, आणि वीस काडतुसांची ती पेटी घेऊन गेली. तिच्या या वाक्याने मी त्या दिवशी फुलून गेलो होतो. ते वाक्य पुढे मला रोज ऐकू यायचं.

फेब्रुवारीत एका सकाळी अर्ल तिच्या दुकानात शिरला. हातात चाकं काढायची लोखंडी टॉमी होती. दुसऱ्या दिवशी शेरिफच्या हाताखालचा एक माणूस माझ्या काउंटरला टेकून सांगत होता, "पहिली गोळी लागली रे त्याला. पण तो चालतच आला. अंगात तो अस्तराचा जाड कोट. टॉमीनं तिचं मनगटच फोडलं. मग डाव्या हातानं झाडलेली दुसरी लागली, तेव्हा खाली बसला."

"जिवंत आहे?"

"दोघंही आहेत. हात काही राहत नाही तिचा."

गोळी कुठली होती ते मी विचारलं नाही. विचारायचं काय? मीच विकली होती.

इमोजीनच्या हातावर तीन शस्त्रक्रिया झाल्या. उजव्या हाताची बोटं मिटेनात ती आजतागायत. डाव्या हाताने गांडूळ गळाला लावायला ती त्या उन्हाळ्यात शिकली. अर्ल तुरुंगात गेला आणि काही वर्षांनी तिथेच वारला.

मी पहिलं वेगमापक यंत्र त्याच वसंतात आणलं. जुन्या कपड्यांच्या दुकानातून अर्लसारखाच कोट घेतला, बांधावर पाण्याच्या कॅनांपुढे टांगला आणि इमोजीनला दिली होती तीच काडतुसं तशाच रिव्हॉल्व्हरमधून झाडली. यंत्राने दाखवलं, नऊशे बारा. परत झाडली. नऊशे चार. गोळी कॅनमधून काढली तर तिच्या नाकात कोटाचा कापूस गच्च बसलेला. फुललेली नव्हतीच. मी त्या बांधाजवळ बसून राहिलो. माझ्या मोठेपणाने एका बाईचा हात गेला, एवढंच डोक्यात होतं.

तेव्हापासून मी कुठल्याही गिऱ्हाइकाला 'हे घे' असं म्हटलेलं नाही. कुणी विचारलं की वही उघडून त्याच्यापुढे फिरवायची. "हे आकडे. निवड तुमची." लोकांना वाटायचं, स्कॅग्ज मोठा अभ्यासू आहे. मी भित्रा झालो होतो.

आणि इमोजीनच्या दुकानाची कामं करू लागलो. दर शरदात तिच्या छपराच्या पन्हाळी साफ केल्या, लाकडं फोडून दिली, माशांच्या टाकीचा पंप निदान दहा वेळा उघडला. ती म्हणायची, "बस ना, कॉफी घे." मी उभ्या उभ्या म्हणायचो, "घाई आहे." घाई कसली डोंबलाची! तिच्या हाताकडे पाहवत नव्हतं.

या वर्षी फेब्रुवारीत डॉक्टरीणबाईंनी झडपेचं सांगितलं. मी दवाखान्यातून थेट तळ्यावर गेलो. दुकानात कुणी नव्हतं. इमोजीन जाळीने टाकीतले मेलेले मासे काढत होती.

मी म्हणालो, "मला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस."

"तू बोलणार आहेस? थांब, बसते मग."

मी सगळं सांगितलं. पेटीवरचा आकडा, लांब नळी, कोट, कापूस, नऊशे बारा. चौऱ्याण्णव सालचं मृत्युपत्रही सांगितलं. ती ऐकत होती. जाळीतून पाणी ठिबकून तिच्या बुटांवर पडत होतं.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "वेंडेल, तुझी ती काडतुसं मी झाडलीच नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पाच झाडली. घरामागे, डब्यांवर. हात असा सणकला की दोन दिवस कॉफीची किटली उचलवेना. एकही डबा पडला नाही. मग मी ती काढून ठेवली आणि बाबांचीच घातली. तुला सांगितलं असतं तर तू तोंड पाडलं असतंस."

"पण पहिली गोळी लागूनही तो आला..."

"दंडाला चाटून गेली होती ती. मी डोळे मिटून झाडली होती, वेंडेल! तोफ दिली असतीस तरी तेच झालं असतं. दुसरी उघड्या डोळ्यांनी झाडली, ती लागली."

ती आत गेली आणि बटणांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. बटणांच्या तळाशी ती पेटी होती. मी मोजली. पंधरा. पुन्हा मोजली. पितळ काळवंडलं होतं, पण एकाच्याही बुडावर घोड्याचा ठोका नव्हता.

तिने खुर्ची पायानेच माझ्याकडे सरकवली. मला वाटतं मी रडलो. ती म्हणते, मी हसत होतो. दोन्ही असेल.

"सदतीस वर्षं," मी म्हणालो.

"सदतीस वर्षं तू माझ्या पन्हाळी साफ करतोयस," ती म्हणाली. "मला वाटायचं, या माणसाला माझ्याशी लग्न करायचंय आणि तोंड उघडत नाहीये. पहिली दहा वर्षं मी वाट पाहिली. मग म्हटलं, जाऊ दे, पन्हाळी तरी स्वच्छ राहतायत."

मी खाली बघून म्हणालो, "तेही होतंच."

"काय तेही?"

"लग्नाचं. पण तुझा हात घालवून तुझाच हात कसा मागणार?"

तिने टाकीजवळ टेकवलेली जाळी उचलून माझ्या अंगावर फेकली. ओली जाळी, माशांसकट. "गाढवा," ती म्हणाली. "एकदा विचारलं असतंस तर एका मिनिटाचं काम होतं."

गेलेल्या वर्षांचं मला वाईट वाटतं. ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे कुणी म्हणू नये की म्हाताऱ्याला हिशेब कळला नाही. पण त्या दिवशी घरी येताना छातीवरून जे उतरलं त्यापुढे वाईट वाटायला फारशी जागा उरली नाही. तळ्याच्या फाट्यावर वळायचा दिवा लावला तो घरी पोचेपर्यंत लुकलुकत होता आणि मी शीळ घालत होतो. कॅरलीनने विचारलं, "मामा, डॉक्टर काय म्हणाल्या?" मला काही आठवेना.

कलम ६. लेस्टर नावाच्या फिरत्या विक्रेत्याबद्दल मी मनात एक राग बाळगून होतो. ती काडतुसं त्यानेच मला दिली होती. नंतर त्याला विचारलं, "हा आकडा कुठल्या नळीचा?" तर म्हणाला, "प्रयोगशाळेतल्या. लांब असते ती."

"मग दोन इंचीचा आकडा?"

"तो छापला तर विकत कोण घेईल?"

मी त्याला दुकानातून हाकललं आणि पुढे कधी आत येऊ दिलं नाही. लेस्टर, जिथे असशील तिथे तुझ्यावरचा निम्मा राग मी मागे घेत आहे. इमोजीनच्या हाताचा निम्मा. छापील आकड्याचा निम्मा तसाच ठेवतो, तो तुझ्या नावावर राहील.

कलम ७. इमोजीन टॅकेट हिला मी घर देऊ केलं तेव्हा ती म्हणाली, "दंड भरतोस होय? मी काय कोर्ट आहे? भाचीला दे ते." मग काय हवं, असं विचारलं तर म्हणाली, "तुझ्या आईचा बिडाचा तवा. त्याच्यात मक्याचा पाव खालून करकरीत होतो." तो तवा तिला द्यावा. साबणाने घासू नये.

तिने त्या दिवशी आणखी एक मागितलं, तेही लिहितो. मी विकलेलं ते जुनं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवून ती म्हणाली, "अर्ल गेला, पण इथे मी एकटीच असते. आता सांग, यात काय घालू?" माझा हात सवयीने वहीकडे गेला. वही घरी होती. मग मी सरळ तोंडाने सांगितलं, "चपट्या नाकाची, मंदवाली. पेटीवरचा आकडा बघून तुला हसू येईल. डाव्या हातासाठी मूठ मी बदलून देतो. आणि आधी माझ्यासमोर पन्नास झाडायच्या, डोळे उघडे ठेवून." मागच्या शनिवारी तिने आर्डिथच्या वर्गात पाचपैकी पाच डब्या पाडल्या. सहाव्या खेपेला डॉइलच्या टोपीकडे नेम धरला, म्हणून आर्डिथने तिला दटावलं.

कलम ८. माझं स्वतःचं रिव्हॉल्व्हर आणि दुकानातल्या उरलेल्या चार बंदुका कॅरलीनने ठेवू नयेत, तिला आवडत नाहीत. त्या आर्डिथने रिकाम्या आहेत याची दोनदा खात्री करून वर्गासाठी न्याव्यात. जुन्या, कुठली दारू भरली आहे हे न लिहिलेल्या काडतुसांचा मोठा डबा पलंगाखाली आहे. ती कुणी झाडून पाहू नयेत. शेरिफच्या कचेरीत द्यावीत.

कलम ९. अंत्यविधीत बंदुकीची सलामी नको. आयुष्यभर पुष्कळ आवाज ऐकला. पाद्रीबाबांनी दहा मिनिटांत आटोपावं आणि नंतर सगळ्यांना बीन्स, डुकराचं भाजलेलं मांस आणि 'पाय' नावाचा फळं भरून भाजलेला गोड पदार्थ द्यावा. तो आंबट चेरीचा असावा. सफरचंदाचा सगळेच करतात.

कलम १०. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या ज्वानिताबाई क्रेब्ज वाचनालय सांभाळतात आणि त्यांना कायद्यातलं थोडं कळतं. वरचं वाचून त्यांनी मला विचारलं, "वेंडेल, तुम्ही लग्न केलंत तर हे सगळं परत लिहावं लागेल, कल्पना आहे ना?" मी म्हणालो, अजून विचारलेलं नाही. त्या म्हणाल्या, "मग कागद जपून वापरा."

इमोजीनला या मृत्युपत्रात तवा मिळत असल्यामुळे तिला सहीच्या वेळी खोलीत बसायची परवानगी ज्वानिताबाईंनी दिली नाही. ती बाहेर माझ्या गाडीत, चालकाच्या जागेवर बसली आहे. डॉगवुडचं झाड फुललं आहे, क्रॅपी मासे काठाला आले आहेत आणि तिने आत्ता तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला. सोमवारच्या आधी तीन दिवस आहेत. आम्ही गळ टाकायला निघालो आहोत, मी आज नावेत विचारणार आहे. नावेत बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे मी ध्यानात घेतलं आहे. ती हो म्हणाली तर हा कागद फाडून टाकावा, आणि नाही म्हणाली तर हाच अखेरचा समजावा. दोन्हींपैकी जे होईल ते मला आता कळेल, अंदाजाने जगायचं नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

सही : वेंडेल स्कॅग्ज

साक्षीदार १ : ज्वानिता क्रेब्ज, ग्रंथपाल. सही माझ्यासमोर झाली. लिहून देणार पूर्ण शुद्धीवर आहेत. सही करण्यापूर्वी त्यांनी आरशात पाहून केस विंचरले, हेही मी पाहिलं.

साक्षीदार २ : थर्मन गिब्ज, शेजारी. मीही पाहिलं. आम्ही तिला चौथा हॉर्न वाजवू दिला नाही, त्यांना लगेच बाहेर पाठवलं.

ठिकाण : सीडर फोर्क, मिसुरी
दिनांक : गुरुवार, १० एप्रिल २०२५